असईच्या उतारावर

अजिंठा-वेरूळ करणाऱ्या गाइडला असई, म्हणजे १८०३ मधल्या इंग्रज-मराठे लढाईचं गाव, कोणी सहसा मागत नाही. इंग्लंडहून आलेल्या एका निवृत्त ब्रिगेडियरनी मात्र लेण्या राहू दे म्हणून थेट भोकरदन तालुका गाठायला लावला.

केळणा नदीच्या काठी त्यांना आधी उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, बघायची होती. २३ सप्टेंबर १८०३ ला वाटाड्यांनी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन) सांगितलं होतं, इथे नदी ओलांडता येत नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं, दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड समोरासमोर. म्हणजे माणसं ये-जा करत असणारच! तिथूनच त्याने सैन्य पार नेलं. आमच्या धंद्यातल्या लोकांनी तो दिवस लक्षात ठेवायला हवा.

केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात उभं राहून ब्रिगेडियरनी विचारलं, "तुमच्या बाजूचा सरसेनापती कोण?"

सरळ उत्तर नव्हतंच. सेनापतीपद तळेगावच्या दाभाड्यांच्या घराण्यात, पण नावापुरतं. नागपूरकर भोसले सेनासाहेबसुभा, बडोद्याचे गायकवाड सेनाखासखेल. सगळे किताब वंशपरंपरेने चालत आलेले. ज्या पेशव्याने या सगळ्यांना एकत्र बांधायचं, तो दुसरा बाजीराव वसईच्या तहाने इंग्रजांच्या आश्रयाला. होळकर लढाईपासून लांब. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले स्वतः आलेले, पण ऐन लढाईत दोघेही रणांगणातून निघून गेले. उरला पायदळ आणि तोफा सांभाळणारा पोलमन, मूळचा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीकडे सार्जंट. गोलंदाज मात्र तोफांपाशी शेवटपर्यंत लढले. वेलस्लीचे दीड हजारांहून जास्त लोक मेले वा जखमी झाले.

"आणि तो तेव्हा नुसता मेजर जनरल," ब्रिगेडियर म्हणाले. फील्डमार्शल तो १८१३ मध्ये, स्पेनमधल्या व्हिटोरियानंतर झाला. तिथे फ्रेंच मार्शल जूर्दांचा दंड, म्हणजे मार्शलपदाची मानाची काठी, हाती लागला, तो त्याने इंग्लंडच्या राजपुत्राला पाठवला आणि बदल्यात इंग्लंडचा मिळवला. १८५२ मध्ये त्याच्या अंत्ययात्रेत आठ सैन्यांचे दंड मिरवले गेले. त्यांत हॅनोव्हरचाही होता, हे सांगताना त्यांना गंमत वाटत होती.

मग त्यांनी पोलमनचं पुढे काय झालं ते विचारलं.

"परत कंपनीच्या चाकरीत गेला," मी म्हटलं.

तेव्हा ते मोठ्याने हसले. मला तेवढं हसू आलं नाही.