५४ अक्षरांचा एक्सॉन जेलवर मोजताना

उंदराच्या भ्रूणाच्या स्टेम सेल वाढवायची सोय नाशिकच्या आमच्या कॉलेजात नाही. त्या पुण्यात वाढतात. ट्रायझॉल या आरएनए काढायच्या द्रावणात पेशी विरघळवून केलेलं लायसेट कोरड्या बर्फावर, थर्माकोलच्या खोक्यातून इकडे येतं. मे महिन्यात खोका उघडला की आधी बर्फ उरलाय का ते बघायचं, नळ्या नंतर मोजायच्या.

स्टेम सेलची खूण असलेली ऑक्ट४ आणि नॅनॉग ही जनुकं भरपूर चालू दिसली म्हणजे पेशी ठीक, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. एक्सॉन म्हणजे जनुकाच्या आरएनएत ठेवला किंवा गाळला जाणारा तुकडा; ते ठरवणारी एमबीएनएल प्रथिनं स्टेम सेलमध्ये कमी असतात, विभेदन (पेशी ठरावीक प्रकारची होणं) सुरू झालं की वाढतात आणि स्टेम सेलचे खास एक्सॉन दाबतात. फॉक्सपी१ या जनुकाचा तसा एक्सॉन २०११ मध्ये सापडला. तो आरएनएत घेतला की फॉक्सपी१ प्रथिन डीएनएवरच्या वेगळ्या जागा पकडतं आणि ऑक्ट४, नॅनॉगला चालना देतं. मी मात्र एमबीएनएल१ चाच ५४ अक्षरांचा एक्सॉन मोजते. हे प्रथिन स्वतःच्याच आरएनएतून तो गाळतं, त्यामुळे प्रथिन वाढलं की जेलवरचा लांब बँड, म्हणजे एक्सॉनसकट तुकड्याचा पट्टा, फिकट होतो.

१ मिली लायसेटला २०० मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म, मग ४ अंशांवर १२,००० जी ला १५ मिनिटं. वरचा पाण्याचा थर घेताना मधल्या पांढुरक्या थराला टिप लावायची नाही. थोडा थर खाली राहिला तरी चालेल. ५०० मायक्रोलिटर आयसोप्रोपेनॉल, ७५ टक्के इथेनॉलनं धुणं. पेलेट (तळाशी बसलेला आरएनए) कडकडीत वाळवलं तर नंतर विरघळत नाही. डीएनेज (उरलेला डीएनए तोडणारं एन्झाइम) टाळायचं नाही, आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली एक नळी प्रत्येक नमुन्यासोबत हवीच.

मग पीसीआर, म्हणजे त्या डीएनएच्या प्रती वाढवणं. प्रायमर (प्रत जिथून सुरू होते ते छोटे धागे) दोन्ही बाजूंच्या एक्सॉनवर. माझे तुकडे २०० आणि २५४ अक्षरांचे येतात, ३ टक्के अगॅरोजवर नीट सुटतात. खरी गोम पीसीआरच्या सायकलींत आहे. ३५ सायकली दिल्या की जेल झकास दिसतं आणि आकडा, म्हणजे एक्सॉन ठेवलेल्या आरएनएचं प्रमाण, खोटा येतो: छोटा तुकडा पुढे पळतो, शेवटी दोन्ही ठप्प होतात. मी २४, २६, २८ वर नळ्या काढते. तिन्हींत प्रमाण सारखं असेल तरच मान्य. लांब बँडच्याही वर तिसरा पुसट बँड दिसला तर नवा आयसोफॉर्म (आरएनएचा नवा प्रकार) सापडला म्हणून नाचू नये. बहुधा लांब-आखूड धागे एकमेकांना चिकटलेले असतात. मिश्रण दहापट पातळ करून ताज्या प्रायमरसह ३ सायकली दिल्या की तो जातो.

मोजताना लांबीचा हिशेब धरायचा, कारण लांब तुकडा रंगही जास्त धरतो. समजा लांब बँडची तीव्रता ५०८, आखूडची ६००. एकूण तीव्रतेने सरळ भागिलं तर ४६ टक्के. २५४ आणि २०० ने भागून घेतलं की २ आणि ३, म्हणजे पाचात दोन, ४० टक्के.

एवढं करूनही आकडा कमी आला तर फीडर, म्हणजे स्टेम सेलखाली आधाराला वाढवलेल्या पेशी, आठवावेत. त्या फायब्रोब्लास्ट पेशींत एमबीएनएल जास्त, म्हणून त्यांचा आरएनए मिसळला की चांगल्या स्टेम सेलही बिघडल्यासारख्या दिसतात. लायसेट करण्याआधी पेशी जिलेटिनच्या प्लेटवर ३० मिनिटं ठेवल्या तर फीडर आधी चिकटतात आणि स्टेम सेल तरंगत्या मिळतात. थोडे फीडर तरीही येतातच, म्हणून नुसत्या फीडरची एक नळी मी सोबत मागवते. नळीवर फक्त ‘ईएस’ (भ्रूणाच्या स्टेम सेल) लिहून आलं असेल, तर फोन करून फीडर होते का ते विचारल्याशिवाय नमुना लावत नाही.