ओलावा किती होता?

मंगळवार, रात्री साडेनऊ

भाऊंनी आज मला एकटीलाच कापसाच्या बाजारात धाडलं. भाऊ आमच्या तालुक्याचे वार्ताहर. बातम्या पेपरला देतात, घर झेरॉक्सच्या दुकानावर चालतं. "भाव विचार, पण भावावर थांबू नको," एवढंच म्हणाले.

वहीत सहा ककार लिहून नेले होते. कोण, काय, कधी, कुठे, कसं या पाचांची उत्तरं चहा व्हायच्या आत भेटली. एका काकांचा कापूस क्विंटलला 6,700 नं गेला होता. यंदा, म्हणजे 2025-26 ला, लांब धाग्याचा हमीभाव 8,110. "लूट हाय पोरी, लिव," काका म्हणाले. मथळा तर हातातच होता.

"का" मात्र संध्याकाळपर्यंत पुरला. व्यापाऱ्याच्या माणसानं मीटर दाखवला, ओलावा 16 टक्के. सीसीआय, म्हणजे हमीभावानं कापूस घेणारी सरकारी कंपनी, 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव देते, पुढे टक्क्यामागे टक्का कापते, 12 च्या वर घेतच नाही. म्हणजे हा कापूस हमीभावात बसतच नव्हता. मी पुन्हा काकांकडे गेले. वाळवला का नाही? ते हसले. घर दोन खोल्यांचं, वेचणीच्या बायांचे पैसे आठवडी बाजाराच्या आत द्यायचे, अन् सीसीआयचा चुकारा खात्यात येईस्तोवर थांबणार कोण? शिवाय नोंदणी अ‍ॅपवर, फोन मुलाकडे, मुलगा पुण्याला. मला वाटतं खरी बातमी इथं होती, मीटरवर नव्हती.

निघताना म्हणाले, "माहं नाव नको टाकू बाप्पा. पुढची गाडी याच्याचपाशी आनाची हाय मले." गावात प्रश्न विचारायला कोणी अडवत नाही, नाव छापायची वेळ आली की सगळे एकमेकांचे निघतात.

भाऊंनी कॉपी वाचली आणि "संतप्त", "बळीराजा", "लूट" तिन्हींवर पेन फिरवला. लूट काका म्हणाले होते, असं मी सांगितलं. "मग अवतरणात टाक अन् खाली नाव दे. नाव देता येत नाही तर आकडे बोलू दे." पहिल्या परिच्छेदात भाव, ओलावा आणि हमीभाव आले; खोल्या आणि मजुरी खाली गेली. यवतमाळला पेपरच्या ऑफिसात जागा कमी पडली की बातमीचं शेपूट कापतात, म्हणून महत्त्वाचं वर. इथं मला राग आला, कारण माझ्या मते कापायच्या जागी नेमका "का" बसला होता. बराच वाद घातल्यावर मजुरीचं एक वाक्य वर आलं.

तोच व्यापारी दिवाळीत पाव पान जाहिरात देतो, आणि त्या कमिशनवर भाऊंचं बरंच चालतं. हे मला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. त्यांनी फक्त विचारलं, "त्याचं म्हणणं घेतलं ना?" घेतलं होतं, मीटरच्या आकड्यासकट. "मग पाठव."

उद्या खरेदी केंद्र. नोंदणी किती जणांची, प्रत्यक्ष खरेदी किती, ओलाव्यामुळे परत किती. तोंडी सांगत नाहीत, असं भाऊ म्हणतात. मग माहितीच्या अधिकारात अर्ज, 10 रुपये फी, उत्तराला 30 दिवस. तोवर काकांची पुढची गाडीही विकून झालेली असेल.