बारा एप्रिलचा फळा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा मैत्रिणींना स्नेहसंमेलनं आठवली, कबड्डीचे सामने आठवले. मला जिन्याखालचा फळा आठवला. त्याच्या वरच्या भागात 'सुविचार', खालच्या भागात 'दिनविशेष'. सुविचार लिहायला मुलांची झुंबड असायची, कारण तो एका ओळीत आटपायचा. दिनविशेष माझ्या गळ्यात पडला. गुन्हा एवढाच, की अक्षर बरं होतं.

पहिले काही महिने काम अगदी सोपं होतं. वर्तमानपत्रातला चौकोन कापायचा आणि जसाच्या तसा उतरवायचा. जन्म, निधन, घटना. इतिहासाच्या बाई जाता-येता वाचायच्या, बोलायच्या काही नाहीत. जानेवारीत एकदा मी स्वतःची भर घालून ऐटीत लिहिलं, '८ जानेवारी १६४२ : गॅलिलिओ यांचे निधन. त्याच वर्षी न्यूटन यांचा जन्म.' बाई थांबल्या, डस्टर मागितलं आणि दुसरं वाक्य पुसून टाकलं.

"कुणाच्या कॅलेंडरप्रमाणे गं?"

कॅलेंडरं एकापेक्षा जास्त असतात हेच मला नवीन होतं. मग मधल्या सुट्टीत, डबा हातात धरून, मी सगळं ऐकलं. जुन्या ज्युलियन कॅलेंडरचं वर्ष खऱ्या वर्षापेक्षा साधारण ११ मिनिटांनी मोठं होतं. ११ मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण शतकानुशतकं साचत गेली आणि तारखा ऋतूंच्या १० दिवस मागे पडल्या. म्हणून पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ साली ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर आणला. इटली-स्पेननं ते लगेच मानलं. इंग्लंड मात्र १७५२ पर्यंत अडून बसलं. तोवर फरक ११ दिवसांचा झाला होता, तेव्हा त्यांनी २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर धरला. न्यूटनचा जन्म झाला तेव्हा इंग्लंडात २५ डिसेंबर १६४२ होता आणि गॅलिलिओच्या इटलीत ४ जानेवारी १६४३. एकाची तारीख एका कॅलेंडरातली आणि दुसऱ्याची दुसऱ्या कॅलेंडरातली घेतली, तरच दोघं 'एकाच वर्षात' बसतात.

"मग इटलीत १० ऑक्टोबर १५८२ ला कोण जन्मलं?" मी विचारलं.

"कुणीच नाही. दिवसच नव्हता तो," बाई म्हणाल्या आणि पोळीचा तुकडा तोंडात टाकला.

हे उत्तर मी कितीतरी दिवस ज्याला त्याला ऐकवत होते.

त्यानंतर बाईंनी मला खडूचे तीन रंग दिले. एकाच तारखेच्या दोन घटना शेजारी लिहिल्या, की त्यांच्यामध्ये एक रेघ ओढायची. निव्वळ योगायोग असेल तर पांढरी. एकीचा दुसरीशी खरोखर धागा असेल तर पिवळी. माणसांनी मुद्दाम ती तारीख निवडली असेल तर हिरवी. रंग का निवडला, हे विचारेल त्याला सांगता आलं पाहिजे, एवढीच अट. विचारायला पाचवीची मुलं यायची, आणि पाचवीच्या मुलांइतकं चिवट कुणी नसतं.

या पद्धतीनं सगळ्यात रंगला तो १२ एप्रिल. परीक्षा तोंडावर आली होती, तरी मी त्यासाठी तीन दिवस वाचनालयात बसले.

पहिली ओळ सगळ्यांना माहीत असलेली. १२ एप्रिल १९६१, युरी गागारिन, वय २७, अंतराळात गेलेला पहिला माणूस. उड्डाणापासून जमिनीवर येईपर्यंत १०८ मिनिटं. आमच्या शाळेच्या तीन तासिका सुद्धा यापेक्षा मोठ्या व्हायच्या, हे पाचवीच्या एका मुलानं हिशेब करून सांगितलं. परतताना सुमारे ७ किलोमीटर उंचीवर गागारिन यानातून बाहेर फेकला गेला आणि वेगळ्या पॅराशूटनं शेतात उतरला. तिथे एक बाई आणि तिची नात होती. नारिंगी पोशाख, पांढरं शिरस्त्राण, असा माणूस आभाळातून आल्यावर त्या दोघी घाबरल्या. मुलांना सगळ्यात जास्त आवडली ती ही नात.

त्याच्या वर मी लिहिलं, १२ एप्रिल १८६१, अमेरिकेत फोर्ट सम्टर या किल्ल्यावर पहाटे साडेचारला तोफा सुरू झाल्या आणि यादवी युद्ध पेटलं. गागारिनच्या बरोबर १०० वर्षं आधी, दिवस न चुकता. मला वाटलं, यात काहीतरी असणार. बाईंनी काही न बोलता पांढरा खडू पुढे केला.

त्याही वर गेले तर १२ एप्रिल १६३३. रोममध्ये धर्मपीठापुढे गॅलिलिओची पहिली चौकशी. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, या मताची बाजू घेणारं पुस्तक लिहिलं म्हणून जवळपास सत्तरीच्या माणसाला उलटसुलट प्रश्न. इथे मी पिवळ्या रेघेसाठी हटून बसले. गॅलिलिओनं जे सांगितलं, त्या वाटेनं पुढे गेलं म्हणूनच गागारिन वर पोहोचला ना? बाई म्हणाल्या, "नातं आहे, पण ते त्या दोघांचं. तारखेचं त्यात काय? मध्ये ३२८ वर्षं आहेत." शेवटी पांढरी रेघ आणि तिच्याखाली पुसट पिवळी, असा तह झाला. तो तह मला आजही थोडा अन्यायाचा वाटतो.

खरी पिवळी रेघ मिळाली ती मधल्या दोन ओळींत. १२ एप्रिल १९४५ ला अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रुझवेल्ट वारले. १९२१ साली आजारानं त्यांचे पाय गेले होते. डॉक्टरांचं निदान पोलिओ. त्यांनी १९३८ साली पोलिओविरोधात एक संस्था काढली आणि लोकांनी तिला दहा-दहा सेंटची नाणी पाठवली. त्याच पैशांतून जोनस साल्क यांचं लसीचं संशोधन आणि १९५४ ची प्रचंड चाचणी उभी राहिली. सुमारे १८ लाख मुलं तीत सामील होती. ती लस सुरक्षित आणि गुणकारी आहे, ही घोषणा झाली १२ एप्रिल १९५५ रोजी. रुझवेल्ट यांच्या मृत्यूला त्या दिवशी १० वर्षं पुरी झाली होती. दहा सेंटच्या नाण्यावर तोवर त्यांचाच चेहरा आला होता. ही रेघ मी इतकी दाबून ओढली, की खडू मोडला.

आमच्या फळ्यावर योगायोग एवढे का सापडतात, याचं उत्तरही बाईंनी त्याच आठवड्यात दिलं. वर्गातल्या सगळ्यांनी आपापला वाढदिवस सांगायचा. सतराव्या का अठराव्या मुलालाच जोडी सापडली आणि सगळा वर्ग ओरडला. २३ जणांमध्येही एक तारीख जुळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, ४० जणांमध्ये ८९ टक्के. इथे तर हजारो वर्षांच्या घटना ३६६ तारखांत कोंबायच्या. पुढे स्टीफन हॉकिंग यांच्याविषयी वाचताना बाई आठवल्या. गॅलिलिओच्या मृत्यूनंतर बरोबर ३०० वर्षांनी, ८ जानेवारी १९४२ ला आपला जन्म झाला, हे हॉकिंग कौतुकानं सांगत, आणि त्या दिवशी आणखी सुमारे २ लाख बाळं जन्मली असतील, हेही लगेच जोडत.

राहिली शेवटची ओळ. १२ एप्रिल १९८१, अमेरिकेच्या 'कोलंबिया' या स्पेस शटलचं पहिलं उड्डाण, आत जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन. गागारिननंतर बरोबर २० वर्षांनी. एवढा गोल आकडा आपोआप येईलच कसा? अमेरिकेनं मुद्दाम साधलेली तारीख, असं म्हणून मी ठाम हिरवी रेघ ओढली. बाईंनी ती पुसली नाही. शेजारी फक्त एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं आणि तासाला निघून गेल्या.

त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर मला नोकरीला लागल्यावर मिळालं. उड्डाण ठरलं होतं १० एप्रिलला. यानातल्या चार मुख्य संगणकांची आणि पाचव्या राखीव संगणकाची वेळ जुळेना, फरक सेकंदाच्या एका तुकड्याएवढा. तो निस्तरेपर्यंत दोन दिवस गेले आणि १२ तारीख उजाडली.

म्हणजे रेघ पांढरी हवी होती.