सुप्याचं मयुरेश्वर अभयारण्य: जंगल शोधायला जाऊ नका

सोलापूर रस्त्याने चौफुल्यापर्यंत आणि तिथून उजवीकडे सुप्याच्या दिशेने, पुण्यापासून साधारण ७० ते ७५ किलोमीटर. नकाशावर नुसतं ‘मयुरेश्वर’ टाकू नका, मोरगावच्या गणपतीला पोचाल. ‘अभयारण्य, सुपे’ असं शोधा.

गेटपाशी पोचल्यावर पहिल्यांदा येणाऱ्याचा चेहरा पडतो. दाट झाडी नाही, डोंगर नाही. सुमारे ५ चौरस किलोमीटरचा लाटालाटांचा माळ, त्यावर गवत आणि मधूनच बाभळी-बोरी. पण १९९७ साली हे अभयारण्य झालं ते चिंकारा या लहानशा हरणासाठी, आणि चिंकाऱ्याला हवा असतो तो असा उघडा माळच. लांबून धोका दिसावा आणि पळायला वाट मोकळी असावी, एवढ्यावर त्याचा जीव तगतो. अशा माळांना पडीक समजून ठिकठिकाणी गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया, मूळ परदेशी) झाडं लावली गेली, त्याने माळाचं भलं झालं नाही. काळवीट पाहायचे असतील तर अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातल्या कर्जतजवळचं रेहेकुरी अभयारण्य गाठा, इथे त्यासाठी येऊ नका.

पहाटे साडेचारला पुणे सोडलं तर उजाडता उजाडता गेटवर असता. हडपसर ओलांडायला उशीर झाला की सकाळ रस्त्यातच जाते. तिकिटासाठी ओळखपत्र आणि सुटे पैसे जवळ ठेवा. पाणी आणि खाणं बरोबर घ्या, आत काही मिळेल या भरवशावर राहू नका.

आत गाडी १० ते १५ च्या वेगाने, ठरलेल्या वाटेवरूनच. चिंकारा गाडीला फारसा बुजत नाही, माणसाच्या उभ्या आकृतीला बुजतो. त्यामुळे दिसला की इंजिन बंद करा, दार उघडू नका, काचेवर उशी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा. ४०० मिमी असेल तर उत्तम. बहुतेकांची चूक होते ती शोधण्यात: हरिण म्हणून मोठा प्राणी शोधतात. चिंकारा खांद्याशी जेमतेम ६५ सेंटिमीटर, वजन वीसेक किलो, रंग वाळल्या गवताचा. आधी दिसते ती सतत हलणारी काळी शेपटी. शिंगं मादीलाही असतात, फक्त आखूड आणि बारीक. तो पाय आपटू लागला किंवा नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढू लागला की तुम्ही फार जवळ गेला आहात; तिथेच थांबा. साडेनऊनंतर ऊन तापून हवा थरथरायला लागते आणि लांबचे फोटो धूसर येतात. ती लेन्सची चूक नसते.

पावसाळ्यानंतर माळ सुंदर दिसतो, पण उंच गवतात बसलेलं जनावर दिसत नाही. प्राण्यांसाठी जानेवारी ते मार्च बरा. पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी: भोवत्ये हे शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून फेऱ्या मारतात. धाविक, माळटिटवी, चंडोल, पखुर्डी हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, म्हणून ‘जरासं पुढे जाऊन फोटो’ काढायला वाट सोडू नका. अंडी मातीच्याच रंगाची, पायाखाली आली तरी कळत नाहीत. नशीब असेल तर खोकड (माळावरचा लहान कोल्हा) दिसेल.

जिथे उतरायची परवानगी आहे तिथेही लोकरी किंवा जाड सुती मोजे टाळा. कुसळी गवताची कुसळं त्यात घुसतात आणि धुऊनही निघत नाहीत, चिमट्याने एकेक उपटावी लागतात. लहान मुलं असतील तर चिमटा घेऊनच या.

सगळं दोन-तीन तासांत होतं. नाश्ता चौफुल्याला. परतताना यवतजवळ मुख्य रस्ता सोडून थोडं आत वळलं की माळशिरसचं भुलेश्वर मंदिर आहे. आतल्या प्रदक्षिणेच्या अंधारातली शिल्पं पाहायला टॉर्च लागतो.