कूलरपासून लांब बसलेली मुलगी

मे महिन्यातल्या दुपारी नागपुरात घरोघरी फिरून सर्वेक्षण करायचं, हे ज्यानं ठरवलं तो नक्की एसीत बसला असणार. पण आमच्या संस्थेच्या अनुदानाची मुदत संपत आली होती आणि बेसलाइनचे, म्हणजे सुरुवातीची स्थिती नोंदवणारे, फॉर्म भरून हवे होते. म्हणून मी, फिल्डवर्कला आलेली एमएसडब्ल्यूची (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीची) एक विद्यार्थिनी, डोक्याला घट्ट बांधलेले दुपट्टे आणि पाण्याच्या दोन बाटल्या, अशी आमची फौज कामठी रोडलगतच्या एका वस्तीत शिरली. वस्तीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माणसांचेही काही तपशील बदलले आहेत.

विषय होता मुलींची शाळेतली गैरहजेरी. प्रश्न क्रमांक १४, ‘मुलगी नियमित शाळेत न जाण्याचे प्रमुख कारण’. खाली सहा पर्याय : आर्थिक अडचण, घरकाम, शाळेचे अंतर, अभ्यासात रस नाही, लग्न ठरले, इतर. ‘इतर’ शक्यतो टाळा, अशी तोंडी सूचना होती, कारण पुढे कोडिंग करणाऱ्याला, म्हणजे उत्तरांना आकडे देणाऱ्याला, त्रास होतो.

त्या घरात आई होती, आजी होती, लग्नाच्या वयाची मोठी मुलगी होती आणि नववीतली धाकटी. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, कोपऱ्यात घरघरणारा कूलर, आणि त्याच्यासमोर आम्हाला मानाची जागा. धाकटी मात्र दाराच्या उंबऱ्याशी, गरम झळा येत होत्या तिथे, पाय पोटाशी घेऊन बसलेली. मी फॉर्म काढला. आई भराभरा उत्तरं देत होती. चौदाव्या प्रश्नावर म्हणाली, “घरचं काम असते न जी. मी धुणी-भांडी कराले जातो, मंग हे पाहते घर.” मी दोनला गोल केला. नऊ वर्षांच्या सरावाचा हात, एका सेकंदाचं काम.

सोबतची विद्यार्थिनी नवखी. तिला काय विचारायचं नसतं हे अजून कळत नव्हतं. ती सहज म्हणाली, “अगं, तिथे उन्हात काय बसलीस? ये ना हवेत.”

मुलीनं आईकडे पाहिलं. आईनं खाली. उत्तर आजीनं दिलं, “तिले कूलरची हवा नाही चालत जी. हाडं धरतात.”

आईनं आजीकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेसाठी आमच्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

नागपुरात मे महिन्यात कूलरसमोरच्या जागेवरून भावंडांची भांडणं होतात. तिथे नववीतली पोरगी स्वतःहून झळा पसंत करते, आणि मी ते पाहूनही पाहिलं नव्हतं. आता नीट पाहिलं. डोळ्यांत पिवळसर झाक. घर सांभाळणाऱ्या पोरीच्या हाताला ना राख, ना साबण. भांडी मोठी बहीण घासत होती. विदर्भात काम करणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाला गारठा सोसत नाही, अंगातलं पाणी कमी झालेलंही सोसत नाही. विळ्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं ठणकायला लागतात.

कॉलेजात मेरी रिचमंड, समाजकार्याचा शास्त्रशुद्ध पाया घालणारी अमेरिकन बाई, शिकवताना सरांनी पुराव्याचे तीन प्रकार फळ्यावर लिहिले होते : प्रत्यक्ष, साक्षीचा आणि परिस्थितीजन्य. १९१७ सालच्या पुस्तकातली ही विभागणी मी परीक्षेत दहा मार्कांना लिहिली होती. त्या दुपारी साक्ष एक सांगत होती आणि परिस्थिती दुसरंच. मी साक्ष लिहून मोकळी झाले होते.

फॉर्म मिटला. पाणी मागितलं, उन्हाच्या गप्पा केल्या. आजाराचं नाव मी काढलं नाही, कारण मोठीच्या लग्नाची बोलणी चालू असल्याचं आजीनं आधीच सांगून टाकलं होतं. निघालो तेव्हा आई गल्लीच्या टोकापर्यंत सोबत आली.

“मॅडम, ते लिवू नका.”

“काय लिहू नको?”

“जे तुम्हाले समजलं ते.”

मग उभ्या उभ्याच बोलली. शाळेतल्या तपासणीत रक्त घेतलं होतं. एसएस निघालं, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही दोषी जनुक आलेला, प्रत्यक्ष आजार. कार्ड तांदळाच्या डब्यात खाली दडवलेलं. दर दोन-तीन महिन्यांनी दुखणं उठतं तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरचं इंजेक्शन. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, नेत नाही, कारण तिथे ओळखीचं कोणी भेटलं की मोठीचं लग्न मोडेल.

हे काही केवळ अडाणीपण नव्हतं. धाकटी एसएस म्हणजे सहसा आई-बाप दोघेही वाहक, म्हणजे एकेकच दोषी जनुक असलेले. मोठी आजारी नसली तरी वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. वाहक असणं म्हणजे आजार नव्हे, पण नवराही वाहक निघाला तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारात एक. बाईला हा हिशेब येत नव्हता, पण सोयरिकीच्या बाजारात ‘त्या घरात सिकल आहे’ या चार शब्दांची किंमत तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती.

आता फॉर्मचं काय करायचं? दोन ठेवला तर खोटं. ‘इतर’ करून आजार लिहिला तर विश्वासघात. तिची संमती शाळेच्या प्रश्नांना होती, तांदळाच्या डब्याला नव्हती. मी गोल खोडला आणि जागा कोरी ठेवली.

ऑफिसात यावरून जुंपली. कोरी जागा चालत नाही, अर्ध्यात प्रश्न बदलता येत नाही, आधीचे फॉर्म वाया जातील. शेवटचे दोन मुद्दे पद्धतीशास्त्राला धरून होते, हे मला मान्य करावंच लागलं. पण प्रश्नावलीची पूर्वचाचणी आम्ही कुठे केली होती? ऑफिसात, चहा पिता पिता, एकमेकांवर! सगळ्या पदवीधर बाया, कोणाच्याच घरी शाळा सोडलेली मुलगी नाही. हे मी जरा मोठ्यानं बोलले.

शेवटी तोडगा निघाला. मूळ फॉर्म तसाच, त्याला वेगळ्या संमतीचा, बिननावाचा पुरवणी कागद. आणि ‘घरकाम’ लिहिलेल्या घरांत पुन्हा जायचं. ‘का जात नाही’ ऐवजी ‘गेल्या महिन्यात घरी राहिली ते दिवस कसे गेले?’ असं विचारायचं. काही घरांत खरंच घरकाम निघालं. काही ठिकाणी पाळी आणि शाळेतलं बिनपाण्याचं संडास निघालं. एका घरानं दारच उघडलं नाही.

त्या आईकडे मी फॉर्म न घेता जात राहिले. २०१६ च्या अपंगत्व कायद्यात सिकलसेल आहे, हे ऐकून ती घाबरलीच; ‘अपंग’ शब्दानं लग्न मोडलं तर? तिसऱ्या की चौथ्या भेटीनंतर ती धाकटीला घेऊन मेडिकलला आली, सकाळी सातला, ओळखीचे लोक यायच्या आधी. दुखणं कमी वेळा उठावं म्हणून देतात ते हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू झालं.

आणि एका सोमवारी मोठी एकटीच ऑफिसला आली. “माझंही रक्त तपासून द्या. घरी सांगू नका.” सज्ञान होती, तिचा निर्णय. रिपोर्ट काय आला ते मी तिच्या आईला सांगितलं नाही, इथेही लिहीत नाही. त्यानंतर ती होणाऱ्या नवऱ्याशी स्वतः काहीतरी बोलली, एवढं तिनं फोनवर कळवलं.

दिवाळीनंतर लग्न झालं. मला पत्रिका होती. गेले नाही. पंगतीत शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं असतं, “मॅडम, तुमची यांच्याशी ओळख कशी?”