बंद पडलेल्या डीव्हीडी रायटरमधील लेसर डायोड पुन्हा उजळताना

बंद पडलेल्या डीव्हीडी रायटरमधून काढलेला पहिला लेसर डायोड माझ्याच हातून निकामी झाला, आणि त्याचे कारण समजून घेतल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही असे मी ठरवले. तो डायोड पेटत होता, पण ६० मिलिअँपिअरलाही त्याचा प्रकाश साध्या एलईडीसारखा मंद आणि पसरट होता. प्रवाहाच्या एका क्षणिक उसळीनेसुद्धा डायोडच्या प्रकाश बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म पृष्ठभागाला कायमची इजा होते आणि मग लेसरक्रिया थांबते.

ही उसळी आली कुठून? मी एलएम३१७ हा रेग्युलेटर स्थिर प्रवाह देईल अशा रीतीने जोडला होता. त्याच्या आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या पायांमधला १.२५ व्होल्टचा दाब एका रेझिस्टरवर पडतो, त्यामुळे प्रवाह म्हणजे १.२५ भागिले रेझिस्टरचे मूल्य. हे गणित बरोबरच होते. चूक होती ती सर्किट चालू असताना डायोडची सुटलेली तार पुन्हा टेकवण्यात. भार, म्हणजे डायोड, सुटताच रेग्युलेटरच्या बाहेरच्या बाजूचा वीज साठवणारा कपॅसिटर जवळजवळ पुरवठ्याच्या दाबापर्यंत चढला होता, आणि तार टेकताक्षणी त्यातला सगळा साठा डायोडमधून वाहून गेला. रेग्युलेटर त्या साठ्याला अडवू शकत नाही, कारण तो साठा त्याच्या पलीकडे असतो.

दुसरा डायोड काढण्यापूर्वी मी त्याचे तिन्ही पाय तांब्याच्या बारीक तारेने एकमेकांना जोडले, कारण अंगावरची स्थिर वीजही त्याला पुरेशी घातक असते. रायटरमध्ये सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त डायोडही असतो. तो डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून अधिक धोकादायक. तो मी बाजूला ठेवला. लाल डायोड सुमारे ६६० नॅनोमीटरचा असल्याने त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा लावला, समोर काळा खरबरीत पुठ्ठा उभा केला आणि खोलीतल्या चकचकीत वस्तू हलवल्या. रायटरमधला डायोड ५ मिलिवॉटच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो, आणि पापणी मिटेपर्यंतचा पाव सेकंद अशा वेळी डोळा वाचवत नाही.

चाचणीसाठी आधी लेसर डायोडच्या जागी लावायचा खोटा भार तयार केला: १एन४००७ चे तीन साधे डायोड आणि १ ओहमचा रेझिस्टर, सगळे एका ओळीत. तीन डायोडांवर मिळून सव्वादोन व्होल्टच्या आसपास दाब पडतो, म्हणजे लाल लेसर डायोडच्या जवळपास. आणि १ ओहमवर जितके मिलिव्होल्ट दिसतील तितकेच मिलिअँपिअर वाहत असतात. २२ ओहमच्या रेझिस्टरला १०० ओहमचा पॉट (फिरवून मूल्य बदलता येणारा रेझिस्टर) एकसर जोडल्याने प्रवाह साधारण १० ते ५७ मिलिअँपिअर या मर्यादेत राहिला. पुरवठा ९ व्होल्टचा घेतला, कारण डायोड, रेझिस्टर आणि रेग्युलेटर यांना मिळून लागणारा दाब ५ व्होल्टमध्ये भागत नाही.

मग पुरवठा काढला, कपॅसिटरची दोन्ही टोके रेझिस्टरमधून रिकामी केली, मीटरने शून्य पाहिले आणि खोट्या भारातले तीन डायोड काढून त्यांच्या जागी लेसर डायोड सोल्डर केला. १ ओहमचा रेझिस्टर तसाच राहू दिला. चिमट्याच्या क्लिपांवर आता माझा विश्वास उरला नव्हता. पायांना जोडणारी तार सर्वांत शेवटी कापली.

पॉट हळूहळू फिरवत गेलो तसा आधी नुसता लालसर पसरट उजेड दिसला. ४४ मिलिअँपिअरच्या सुमारास तो एकाएकी प्रखर झाला आणि पुठ्ठ्यावर दाणेदार चकाकी उमटली. ही चकाकी फक्त लेसर प्रकाशातच अशी ठळक दिसते, त्यामुळे डायोड शाबूत असल्याची खात्री झाली. ती पाहून मला फार आनंद झाला. त्यानंतर डायोड ॲल्युमिनियमच्या जाड तुकड्यात घट्ट बसवून ५० मिलिअँपिअरवर दहा मिनिटे चालवला. मीटरवरचा आकडा हलला नाही आणि तुकडा हाताला केवळ कोमट लागला.