पणजीची मोजणी झाली होती

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नाच्या पंगतीत, एसटीत शेजारी बसल्यावर, कधी फोन करून लोक मला एकच विचारतात, "बाई, जनगणनेच्या जुन्या कागदांत आमच्या पणजोबांचं नाव सापडेल का हो?" मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. १९९१ आणि २००१ अशा दोन जनगणनांत प्रगणक म्हणून घरोघर फिरले, आणि निवृत्त झाल्यापासून माहेरच्या घराण्याची वंशावळ जुळवते आहे. म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली, तिच्यात जातही नोंदवणार आहेत हे कळलं, तेव्हापासून तर विचारणारे वाढलेच.

उत्तर आधी देऊन टाकते. नाव सापडणार नाही. तरीही जनगणनेचे जुने खंड मी उघडले नसते तर माझी पणजी मला सापडली नसती.

नाव सापडेल असं वाटतं ते परदेशातल्या गोष्टी ऐकून. इंग्लंडमध्ये १८४१ पासूनचे, माणसांच्या नावांसकट भरलेले जनगणनेचे कागद जपलेले आहेत आणि शंभर वर्षं झाली की ते सगळ्यांना बघायला मिळतात. १९२१ चे कागद जानेवारी २०२२ मध्ये खुले झाले. अमेरिकेत ७२ वर्षं थांबतात. १९५० चे कागद १ एप्रिल २०२२ ला उघडले. तिकडचा माणूस पणजोबांचं नाव संगणकावर टाकतो आणि एकाच पानावर घर, बायको, मुलं, वय, धंदा सगळं वाचतो. आगी तिथेही लागल्या. इंग्लंडचे १९३१ चे कागद १९४२ मध्ये जळून गेले, अमेरिकेचे १८९० चे बहुतेक १९२१ च्या आगीत गेले. पण उरलं ते अफाट आहे, आणि मला त्याचा मनापासून हेवा वाटतो.

आपल्याकडे नावं लिहिलीच नाहीत असं मात्र समजू नका. १८७२ ला पहिली मोजणी झाली, आणि सगळ्या देशाची एका वेळी मोजणी १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री. आधी काही आठवडे गावचे कुळकर्णी, मास्तर घरांवर गेरूने नंबर घालत, घरातली माणसं लिहून घेत. मग ठरलेल्या रात्री कंदील घेऊन पुन्हा फिरत. मधल्या दिवसांत कोणी वारलं असेल तर ते नाव खोडायचं, नवं बाळ जन्मलं असेल, पाहुणा मुक्कामाला असेल तर तो वाढवायचा. १९०१ पासून पुढे कचेरीत प्रत्येक माणसाची एक छोटी चिठ्ठी होऊ लागली. धर्माप्रमाणे चिठ्ठीचा रंग, आणि बाई की पुरुष, लग्न झालेलं की विधवा, याच्या खुणा वेगळ्या. चिठ्ठ्या कप्प्याकप्प्यांत टाकायच्या, गठ्ठे मोजायचे, आकडा तक्त्यात भरायचा. आकडे छापून पुस्तकांत गेले. घराघराचे कागद ठेवले गेले नाहीत.

आणि आजच्या कायद्याने तर दार बंदच आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ सांगतं की प्रगणकाने लिहिलेली नोंद पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही आणि दिवाणी दाव्यात ती पुरावा म्हणून चालत नाही. १९५१ ला जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून राष्ट्रीय नागरिक नोंदवही उतरवून घेतली होती. आसाममध्ये ती पुढे लोकांना आपलं जुनं नाव दाखवायला उपयोगी पडली. आपल्या घरातलं कोणी १९५१ ला आसामात नसेल तर तिचा उपयोग नाही.

या बंद दाराबद्दल माझ्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी आहेत. १९९१ च्या फेब्रुवारीत अमळनेरजवळच्या एका गावात मी फॉर्म भरत होते. एका ओट्यावर म्हातारी आजी तूर पाखडत बसली होती. नवऱ्याचं नाव विचारलं तर तिने सूप थांबवलं आणि पदर ओढून म्हणाली, "मी कसं लेवू त्यासनं नाव?" शेवटी नातवाने सांगितलं. वय विचारल्यावर हिशेब आला तो एका दुष्काळापासून दुसऱ्या दुष्काळापर्यंतचा. मायबोली विचारली तेव्हा इतका वेळ माझ्याशी अहिराणीत बोलणारी ती आजी म्हणाली, "लिखी ल्या मराठीच." मी मराठी लिहिलं, कारण सांगतील तेच लिहायचं असा नियम. मग ती हळूच म्हणाली की तिच्या एका लेकीला नवऱ्याने टाकलंय, ते कोणाला कळणार तर नाही ना? मी तिला शब्द दिला की हा कागद गावात कोणालाही दिसणार नाही. तो शब्द खरा होता म्हणूनच तिने खरं सांगितलं. तेव्हा कागद बंद ठेवण्याला माझा विरोध नाही. पण शंभर वर्षांनंतर त्या आजीच्या पणतीने तिला शोधलं तर काय बिघडेल? कागद जपून शंभर वर्षांनी उघडायला हवेत, असं मला ठामपणे वाटतं. ते मोडीत काढणं हे आपल्या घराघरांचं नुकसान आहे.

(मायबोलीचं जाता जाता सांगते. २०११ च्या भाषांच्या तक्त्यात खान्देशी बोलणारे १८ लाखांच्या वर आहेत आणि त्यात बहुसंख्य अहिराणीचे. त्याच वर्षी जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून लोकसंख्या ७९ लाखांच्या वर होती. त्या ओट्यावरच्या आजीसारख्या किती जणींची अहिराणी मराठीच्या रकान्यात गेली असेल, हा विचार मला सोडत नाही.)

आता पणजीकडे येते. माझं माहेर पारोळा तालुक्यात, बोरी नदीच्या अंगाला. वंशावळी लिहून ठेवणाऱ्या भाटाच्या चोपड्यात आमच्या घराच्या नऊ पिढ्या आहेत आणि नऊच्या नऊ पिढ्यांत पुरुषच. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वहीतही आमचे पुरुषच सापडले. माझे आजोबा आपल्या आईला 'माय' म्हणत, वडील 'मोठी माय' म्हणत, आणि मोठ्या मायचं नाव घरात एकालाही माहीत नव्हतं. ती वडिलांच्या जन्माआधीच गेलेली. पणजोबा 'साथीत गेले' एवढंच सांगत. कोणती साथ? आत्या म्हणायची प्लेग, कारण प्लेगमध्ये गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी तिने ऐकलेल्या.

इथे मी जनगणनेचे खंड काढले. १८८१ ला खान्देशची लोकसंख्या १२ लाख ३७ हजार. १९०१ ला १४ लाख २७ हजार, म्हणजे वाढलेली दिसते, पण १८९१ शी ताडून पाहिलं तर त्या शेवटच्या दहा वर्षांत ती थोडी घटलेली आहे. त्या दहा वर्षांतच प्लेग आला आणि विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा, तो छप्पन्याचा दुष्काळ पडला. आत्याचं म्हणणं या काळाशी जुळत होतं. पण आजोबांचं नाव मी गावच्या जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरात पाहिलं तेव्हा जन्मसाल निघालं १९०८. पणजोबा १९०० च्या आसपास गेले असते तर आजोबा जन्मलेच नसते.

मग १९२१ चा खंड. १९११ ते १९२१ या काळात आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या २५ कोटी २१ लाखांवरून २५ कोटी १३ लाखांवर आली. दर दहा वर्षांनी मोजणी सुरू झाल्यापासून साऱ्या देशाचा आकडा खाली आलेला तो एकच वेळ, आणि कारण १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. आपल्याकडे तिला मानमोडी म्हणत. ते वाचताना मला एकदम आठवलं की आजोबा कुणाला ताप आला की "मानमोडी नको रे बाप्पा" म्हणायचे. शाळेत मी तो शब्द मुलांना शिव्यांच्या यादीतला समजून दटावलेलं आहे. १९१८ ला आजोबा दहा वर्षांचे होते. दहा वर्षांचं मूल असं वाक्य आयुष्यभर विसरत नाही.

साल हाती लागलं की शोध सोपा होतो, कारण पणजोबांच्या नावावर जमीन होती. जमिनीचा खातेदार वारला की वारसाचा फेरफार होतो, म्हणजे जमीन वारसाच्या नावावर झाल्याची नोंद. आमच्या चुलतभावाकडे अजून तो गट आहे. त्याच्या सातबाऱ्यावरच्या गोलातल्या फेरफार क्रमांकांवरून मागे मागे गेले, जुन्या सातबाऱ्यावरून त्याच्याही आधीच्या हक्कपत्रकावर, आणि १९१८ नंतरच्या फेरफारांच्या नकलेसाठी अर्ज दिला. दोन हेलपाट्यांत काही झालं नाही, तिसऱ्यांदा रजिस्टर समोर आलं. कडा तांबूस होऊन तुटलेल्या, शाई तपकिरी पडलेली, अक्षर मोडी. मला मोडी अडखळत येते, म्हणून धुळ्याच्या ओळखीच्या एका मोडी वाचणाऱ्या गृहस्थांना सोबत नेलं होतं. त्यांनी बोट न टेकवता, वरून फिरवत वाचलं. सन १९१९. खातेदार मयत, वारस मुलगा, अज्ञान (म्हणजे वयात न आलेला), म्हणून अ.पा.क. आई. अज्ञान पालनकर्ती आई. आणि त्यापुढे तिचं नाव, मग 'कोम', म्हणजे अमक्याची बायको, आणि पणजोबांचं नाव.

मी त्यांना तेवढंच तीनदा वाचायला लावलं. नाव इथे लिहीत नाही, ते घरचं आहे.

त्यानंतर जनगणनेचे तेच आकडे मला वेगळे दिसू लागले. १८ मार्च १९२१ च्या रात्री आमच्या घरासमोर कंदील आला असणार. प्रगणकाने एक विधवा आणि बारा-तेरा वर्षांचा मुलगा लिहिला असणार. मग कचेरीत कुणीतरी तिची चिठ्ठी केली, विधवेची खूण असलेली, आणि कप्प्यात टाकली. १९२१ च्या पुस्तकात पूर्व खान्देशातल्या हिंदू विधवांचा जो आकडा छापला आहे, त्यातली एक माझी पणजी आहे. एवढ्यासाठी मी ते पान छापून घेऊन भिंतीला लावलं आहे.

तुम्हाला शोधायचं असेल तर थोडं कामाचं. १९०६ ला खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, ते १९६० नंतर जळगाव आणि धुळे म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि नंदुरबार १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. म्हणून नंदुरबारचं गाव 'पश्चिम खान्देश' मध्ये बघा. तालुकेही बदलले, आमचा पारोळा पूर्वी अमळनेर तालुक्याचा पेटा, म्हणजे पोटभाग, होता. गावाच्या नावापुढचं खुर्द, बुद्रुक आणि 'प्र.', म्हणजे प्रगणे, हे कधी सोडू नका, नाहीतर शेजारच्या गावाचे आकडे घेऊन बसाल. गावागावाची ओळ बघायची तर १९५१ ची जिल्हा जनगणना पुस्तिका घ्या. तिच्यात प्रत्येक गावाची घरं, माणसं, साक्षर, आणि पोट कशावर भरतं ते आहे: स्वतःची जमीन कसणारे, दुसऱ्याची कसणारे, शेतमजूर, जमीन असून न कसता खंड घेणारे. आमच्या गावच्या ओळीत मजुरांचा आकडा वाचला आणि आजोबा "आपलं रान राखलं" हे इतक्या अभिमानाने का सांगत ते मला समजलं. राखलं होतं खरं तर त्यांच्या आईने.

नावासाठी मात्र दुसरीकडे जावं लागतं: फेरफार, शाळेचं जनरल रजिस्टर, आणि गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाचं जन्म-मृत्यूचं बुक. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधताना 'कोतवाल बुक' हा शब्द घराघरांत पोचला आहे, म्हणून त्याचं वेगळं सांगत नाही. एवढंच, की जन्माच्या नोंदीत पुष्कळदा नुसतं 'मुलगी' लिहिलेलं असतं, कारण बारसं नंतर व्हायचं. बाईचं नाव हवं असेल तर ती विधवा झाल्याची, पालनकर्ती झाल्याची नोंद शोधा. ती कागदावर येते ती बहुतेक तेव्हाच.

माझा शोध अजून चालू आहे. फेरफाराने पणजीचं नाव दिलं, माहेर दिलं नाही. गावातल्या नव्वदीच्या एका काकूंनी परवा सांगितलं, "ती तापीपल्याडनी व्हती, चोपडाकडली." म्हणजे आजोबांच्या मामांचं गाव चोपडा तालुक्यात कुठेतरी असणार. मामा भाच्याच्या पालनाला आला असेल, तर १९१९ नंतरच्या एखाद्या फेरफारावर साक्षीदार म्हणून त्याची सही किंवा अंगठा असेल. पुढच्या आठवड्यात ते रजिस्टर पुन्हा मागणार आहे, यावेळी पानाच्या खालच्या ओळी वाचायला.